पायाखालचा भूगोल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी मला चौथीत भूगोल शिकविला. पुढे याच शाळेत त्यांचा सहकारी होऊन मीही तोच विषय शिकविला. त्यामुळे आज विद्यार्थ्याचा संकोच आणि शिक्षकाची टोचणी, दोन्ही घेऊन मी उभा आहे. टोचणी कसली, ते सांगतो.

नोकरीच्या आरंभी माझा भूगोल भिंतीवर होता. नकाशा खिळ्याला टांगावा, छडी फिरवावी, राजधान्या पाठ करून घ्याव्यात. उत्तर म्हणजे ‘वर’ हे मुलांच्या मनात इतके घट्ट बसले, की चंबळ उत्तरेकडे वाहते म्हटल्यावर ती चढ कशी चढते, असे ती विचारीत. गुरुजींनी एकदा काही न बोलता माझा नकाशा उतरविला, जमिनीवर अंथरला, खऱ्या उत्तरेकडे फिरविला आणि मुलांना भोवती बसवून ते निघून गेले.

तरीही मी पुरता शहाणा झालो नाही. तिसरीच्या चाचणीत मी प्रश्न घातला होता: ‘आपल्या गावातील पावसाचे पाणी कोठे जाते?’ बळ्ळारी नाल्यातून मार्कंडेयेत, मग घटप्रभेत, कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात, हे उत्तर मला हवे होते. एका मुलाने लिहिले, ‘आमच्या घरात येते.’ मी शून्य दिले. तेवढ्यावर न थांबता उत्तर वर्गात वाचून दाखविले. वर्ग हसला. तो हसला नाही.

पुढच्या आठवड्यात झड लागली आणि तो शाळेत येईना. गुरुजी एवढेच म्हणाले, “घर पाहून या.” नाल्याकाठी विणकराचे घर होते. मागाच्या खड्ड्यात पाणी भरले होते आणि ते पोर तपेलीने उपसत होते. आईने मला बसायला उंचवट्यावर पाट दिला. उपसता उपसता त्याने विचारले, “गुरुजी, हे मार्कंडेयेत कधी जाणार?” माझे उत्तर त्याला पाठ होते! दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्याचे गुण दुरुस्त केले. मुलांना त्यात विशेष काही वाटले नसावे.

त्यानंतर मी पाण्यामागून शिकवू लागलो. अंगणात मातीचा ढीग करून त्यावर तांब्याने पाणी ओतावयाचे आणि ते कोणत्या अंगाने उतरते, ते मुलांनी पाहावयाचे. मग खानापूर तालुका दाखवायचा. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला वळून मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्रात शिरते. बेळगावहून वेंगुर्ल्याचा किनारा सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, तरी आपले पाणी सगळे द्वीपकल्प ओलांडून दुसऱ्याच समुद्रास जाते. हे कळल्यावर मुलांचे डोळे विस्फारतात. पाणीढाळ हा शब्द त्यानंतर सांगावा, आधी नव्हे.

पुस्तकावर विसंबण्याची खोड मात्र जाता जात नाही. भर दुपारी सावली उत्तरेकडे पडते, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. जूनमध्ये एका उघडिपीला एक मुलगी अंगणातून धावत आली: “गुरुजी, काठीची सावली उलटीकडे पडलीय.” तिचे बरोबर होते. मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेस असतो. मीटरभर काठीची सावली डिसेंबरअखेर उत्तरेकडे सुमारे 82 सेंटिमीटर, तर जूनअखेर दक्षिणेकडे जेमतेम 13. ही मापे नंतर मुलांनीच काठी रोवून घेतली. आपला सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या साडेबाराच्या सुमारास, हेही त्यांनीच मला दाखविले.

त्या विणकराच्या मुलाचे नाव मी सांगणार नाही. तो आज या सभागृहात आहे. 2019च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात महापूर आला, तेव्हा रात्री त्याचा दूरध्वनी आला. मी घाबरून विचारले, सारे सुखरूप ना? तो म्हणाला, “होय गुरुजी, माळ्यावर आहोत. तुमचे पाणी अजून मार्कंडेयेत जायला तयार नाही.”