जिहादचा अर्थ कोणी ठरवावयाचा?

(उरण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘जिहाद’ या शब्दाची चर्चा उरणसारख्या गावी करावयाची ती केवळ धर्मशास्त्राची हौस म्हणून नव्हे. २२ सप्टेंबर २०१६ रोजी येथील शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसे पाहिल्याचे सांगितले, तेव्हा उरीच्या लष्करी तळावरील हल्ल्याला अवघे चार दिवस झाले होते. नौदल, पोलीस, दहशतवादविरोधी पथके अशी सारी यंत्रणा कामाला लागली. शोधाअंती कोणीही सापडले नाही. परंतु अशा दिवसांत बंदरावरच्या गावात मोहल्ल्याकडे शेजाऱ्यांची नजर कशी वळते, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको. पुढे जुलै २०२४ मध्ये याच गावात एका तरुणीची निर्घृण हत्या झाली. संशयिताला अटक झाली; दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम. परंतु तपास पुरता होण्याआधीच ‘लव्ह जिहाद’ हा शब्द सभांतून आणि मोर्च्यांतून दुमदुमू लागला. मुलींच्या रक्षणाची व्यवस्था कोठे कमी पडते, हा खरा प्रश्न त्या घोषणेखाली दबून गेला.

म्हणजे शब्द एक, आणि त्याचे मालक दोन. एक जण तो बंदुकीवर कोरतो, दुसरा तो शेजाऱ्याच्या दारावर लिहितो. अशा वेळी शब्दाची मूळ चौकशी करणे अगत्याचे ठरते.

अरबीतील ‘ज-ह-द’ या धातूचा अर्थ झटणे, पराकाष्ठेचा प्रयत्न करणे. लढाईला अरबीत ‘किताल’ आणि युद्धाला ‘हर्ब’ असे निराळे शब्द आहेत. कुराणात या धातूची रूपे ज्या ठिकाणी येतात ती पाहिली की गंमत वाटते. पंचविसाव्या सुरेत मोठा जिहाद करण्याची आज्ञा आहे, पण तो करावयाचा कुराणाच्या साहाय्याने. ही सुरा मक्केतील, म्हणजे मुसलमानांना हत्यार उचलण्याची परवानगीही नव्हती त्या काळातील समजली जाते. याहून नवल म्हणजे, मूर्तिपूजक आईबाप मुलाला आपल्या धर्माकडे ओढण्यासाठी झटू लागले तर त्याने काय करावे, हे सांगतानाही हेच क्रियापद वापरले आहे. मुलाने त्यांचे ऐकू नये, पण त्यांच्याशी चांगुलपणाने वागावे, असे तेथे सांगितले आहे. जिहाद म्हणजे निव्वळ धर्मयुद्ध असा अर्थ धरला, तर ही वाक्ये लागतच नाहीत.

तथापि एवढ्यावर थांबून समाधान मानणारे जे समर्थक आहेत, त्यांचीही बाजू पुरी नाही. मदिनेत गेल्यावर लढाईला परवानगी मिळाली. बाविसाव्या सुरेतील त्या परवानगीचे कारण अन्याय आणि घरादारातून हकालपट्टी हे आहे. आणि मशिदींबरोबर मठ, चर्च व यहुद्यांची प्रार्थनास्थळे वाचावीत हाही हेतू तेथे नमूद आहे. दुसऱ्या सुरेत मर्यादा ओलांडू नका अशी ताकीद आहे. नवव्या सुरेत मात्र करार मोडणाऱ्या अनेकेश्वरवाद्यांशी लढण्याची कठोर आज्ञा आहे, आणि तिच्या लगेच पुढल्या आयतीत त्यांच्यापैकी कोणी आश्रय मागितला तर तो देऊन त्याला सुरक्षित जागी पोहोचवा, असेही आहे. द्वेष पसरविणारे पहिली आयत उचलतात व दुसरी गाळतात. गुणगान करणारे नेमके उलटे करतात.

कुराणानंतरच्या काही शतकांत साम्राज्ये पसरली आणि त्यांच्या गरजेप्रमाणे शास्त्र रचले गेले. ‘दार-उल-इस्लाम’ आणि ‘दार-उल-हर्ब’ ही जगाची फाळणी कुराणात नाही. ती फकिहांनी केली. इमाम शैबानी (मृत्यू इ. स. ८०५) यांच्यासारख्या पंडितांनी युद्ध, तह, कैदी, दूत यांचे तपशीलवार कायदे सांगितले. त्यांपैकी बहुसंख्यांनी इस्लामी सत्तेचा विस्तार करण्यासाठीची चढाईही वैध मानली होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याच पंडितांनी घातलेली बंधनेही तितकीच स्पष्ट आहेत. स्त्रिया, मुले, वृद्ध, मठातील संन्यासी यांना मारू नये. केलेला करार मोडू नये. चढाईचा निर्णय राज्यकर्त्याने घ्यावा, वाटेल त्या टोळीने नव्हे. चढाईचे कर्तव्य समाजातील काहींनी पार पाडले की बाकीचे मोकळे होतात. मुलुखावरच हल्ला झाला तर मात्र ते प्रत्येकावर येते. लढाईवर निघालेल्या एका तरुणाला पैगंबरांनी, तुझे आईबाप हयात आहेत ना, मग त्यांच्यासाठीच झट, अशा अर्थाचे सांगून परत पाठविल्याची हदीस प्रसिद्ध आहे.

मनाचा जिहाद, वाणीचा, हाताचा आणि तलवारीचा, असे प्रकार शास्त्रकारांनी सांगितले. सूफींनी पहिल्याला सर्वांत वर बसविले. लढाईहून परतणे म्हणजे लहान जिहादाकडून मोठ्या जिहादाकडे येणे, ही सूफींची आवडती हदीस. पण तिची परंपरा दुबळी असल्याचे हदीसशास्त्राचे जाणकारच सांगतात, आणि इब्न तैमियाने तर ती साफ नाकारली. तेव्हा तिच्यावर सारा युक्तिवाद उभारणे धोक्याचे. त्यापेक्षा अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांतील एक हदीस समाजवाद्यांना अधिक जवळची वाटावी. जुलमी सत्ताधाऱ्यासमोर न्यायाची गोष्ट बोलणे हा श्रेष्ठ जिहाद, असा तिचा आशय आहे. ज्या तालुक्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि जेथे जानेवारी १९८४ मध्ये न्हावा-शेवा बंदरासाठी जाणाऱ्या जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांपैकी पाच जण पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, तेथे या वाक्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. चिरनेरच्याच वर्षी, २३ एप्रिल १९३० रोजी, पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात खान अब्दुल गफार खानांचे खुदाई खिदमतगार निःशस्त्र उभे राहून गोळ्या झेलत होते. सब्र, म्हणजे धैर्याने सोसणे, हे त्या पठाणांचे शस्त्र होते. आणि त्यांना ते इस्लामबाहेरचे वाटले नाही.

आता या किनाऱ्याचाच एक दाखला. सोळाव्या शतकात करंजा-उरण आणि चौल-रेवदंडा येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. दर्यावरचा व्यापार त्यांच्या परवान्यावाचून चालेना, हजची गलबते लुटली जात. त्या काळी मलबारातील पोन्नानी येथील झैनुद्दीन मखदूम या विद्वानाने ‘तुहफत-उल-मुजाहिदीन’ हा अरबी ग्रंथ लिहून विजापूरच्या अली आदिलशहाला अर्पण केला. पोर्तुगीजांविरुद्ध जिहाद करा, असे आवाहन हाच त्या ग्रंथाचा हेतू. परंतु या जिहादाचा आधारस्तंभ कोण? कालिकतचा हिंदू राजा सामुरी! मुसलमान सुलतान स्वस्थ बसले असता या राजाने मुसलमानांसाठी खजिना रिता केला, अशी त्याची वाखाणणी मखदूम करतो. १५७०-७१ मध्ये आदिलशहाने गोव्याला, मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला आणि सामुरी त्यांच्या जोडीला उतरला. चौलचा वेढा फसला; सामुरीने मात्र १५७१ मध्ये चालियमचा पोर्तुगीज किल्ला घेतला. काफिर विरुद्ध मोमीन या एवढ्याशा चौकटीत ही लढाई बसवून दाखवावी, असे आव्हान दोन्हीकडच्या जमातवाद्यांना द्यावयास हरकत नाही. परदेशी लुटारूविरुद्ध किनाऱ्यावरच्या लोकांनी एकत्र येणे हाच तेथे जिहाद होता, आणि त्याचा कैवारी मूर्तिपूजक होता.

इंग्रजी अमलातील हकीकत लांबलचक आहे. तिला येथे थोडाच वेळ देता येईल. सय्यद अहमद बरेलवींचा शिखांविरुद्धचा लढा १८३१ मध्ये बालाकोटला संपला. हंटरने १८७१ मध्ये मुसलमान प्रजा राजनिष्ठ राहू शकते काय, असा प्रश्न उभा केला. त्याच्या आधीच्याच वर्षी कलकत्त्यात मौलवी करामत अली यांनी इंग्रजांविरुद्ध जिहाद वैध नाही असा निर्वाळा दिला होता. पैगंबरांची सारी युद्धे बचावाची होती, हे सिद्ध करणारे इंग्रजी पुस्तक निजामाच्या नोकरीतील चिराग अली यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. राज्य कोणाचे आणि धोका कोणाला, याप्रमाणे फतवे बदलत गेले.

विसाव्या शतकात या कल्पनेला जे नवे आणि घातक वळण लागले, त्याचा कर्ता मराठवाड्यात जन्मला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ चा, औरंगाबादचा. डिसेंबर १९२६ मध्ये स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाली आणि इस्लाम हा तलवारीचा धर्म अशी टीका देशभर उसळली. तिला उत्तर म्हणून मौदुदींनी जी लेखमाला लिहिली तिचा पुढे ‘अल जिहाद फिल इस्लाम’ हा ग्रंथ झाला. नंतर १९३९ मधील लाहोरच्या व्याख्यानात त्यांनी इस्लाम ही क्रांतिकारी विचारसरणी, मुसलमान हा आंतरराष्ट्रीय क्रांतिकारी पक्ष आणि जिहाद हा त्या क्रांतीचा लढा, अशी मांडणी केली. ही परिभाषा कोणाची, हे या अभ्यासवर्गात सांगण्याची आवश्यकता नाही! शब्द डाव्यांचे उचलले, आशय मात्र ईश्वरी सार्वभौमत्वाचा. शेतकरी-कामगारांची सत्ता त्यात कोठेच नव्हती. मौदुदींची ही मांडणी इजिप्तमध्ये सय्यद कुत्ब यांनी पुढे नेली. १९७९ नंतर अफगाणिस्तानात तिला अमेरिकेची शस्त्रे आणि सौदी पैसा मिळाला. मग जे झाले ते जगाने पाहिले. तरी गंमत अशी की, करार केलेल्या देशाविरुद्ध चोरून युद्ध करणे शास्त्राला धरून नाही, असे म्हणत १९४८ मध्ये काश्मीरच्या लढ्याला जिहाद मानावयास खुद्द मौदुदी तयार नव्हते. त्या साली पाकिस्तान सरकारने त्यांना तुरुंगात टाकले.

त्याच १९४८ मध्ये मराठवाड्यात धर्मरक्षणाच्या नावाने काय चालले होते? लातूरचा वकील कासीम रझवी रझाकारांचा म्होरक्या झाला होता. त्या फौजेचे काम एका संस्थानिकाची गादी आणि जहागीरदारांची वतने राखण्याचे होते. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांनी भारतात विलीन होण्याचा पुरस्कार केला म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. जुलमी सत्तेसमोर न्यायाचे बोलणाऱ्याचा जिहाद म्हणावयाचा, तर तो या मुसलमान संपादकाचा. पण कथा येथे संपवून चालणार नाही. पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांची कत्तल झाली; साऱ्या संस्थानातील मृतांची संख्या पंडित सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार अशी धरली. तो अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. रझाकारांचे अत्याचार शाळेत शिकवावयाचे आणि हे सांगावयाचे नाही, असा व्यवहार समाजवाद्यांनी तरी करू नये.

रायगडच्या किनाऱ्यावर याच प्रकारचे एक प्रकरण घडले आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीप्रमाणे ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू होते. त्याचा सूड म्हणून श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीला स्फोटके उतरली आणि १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ जण ठार झाले. ती स्फोटके कोणा मुफ्तीच्या फतव्यावर किनाऱ्याला लागली नाहीत. ती तस्करांच्या जुन्या वाटांनी आली, आणि सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील काही जण त्या खटल्यात दोषी ठरले. लाच घेणाऱ्याचा धर्म कोणता, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

उलट बाजूचा दाखला नोव्हेंबर २००८ चा. समुद्रातून येऊन मुंबईवर हल्ला करणाऱ्यांपैकी जे नऊ जण मारले गेले, त्यांना दफनाला जागा देण्यास मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानच्या विश्वस्तांनी नकार दिला. निरपराधांना मारणारे मुसलमान नव्हेत, अशी त्यांची भूमिका होती. ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिले. मुसलमानांनी अशी निष्ठेची परीक्षा वारंवार द्यावी, ही अपेक्षा अन्यायाचीच आहे. तरीही अर्थ ठरविण्याचा अधिकार बंदूकधाऱ्याचा नाही, हे त्या विश्वस्तांनी कृतीने दाखविले.

येथे हमीद दलवाईंचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कोकणातल्याच मिरजोळीचा हा माणूस. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा त्यांनी विधानभवनावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. ग्रंथाचा उदार अर्थ शोधून सुधारणा होईल, यावर त्यांचा विश्वास नव्हता; नागरिकाचे हक्क आणि कर्तव्ये राज्यघटनेवरून ठरावीत, एवढेच ते म्हणत. असगर अली इंजिनियर यांचा मार्ग निराळा होता. ग्रंथातच न्यायाचा आणि समतेचा आधार आहे, असे ते श्रद्धावानांना त्यांच्याच भाषेत समजावीत राहिले, आणि त्यापायी बोहरा धर्मपीठाचा बहिष्कार त्यांनी सोसला. या दोघांत तत्त्वतः दलवाईंचे म्हणणे अधिक पक्के आहे. मशिदीच्या ओट्यावर बसून बोलताना मात्र इंजिनियरांचे अधिक उपयोगी पडते.

लव्ह जिहादची व्याख्या कायद्यात नाही आणि केंद्रीय यंत्रणांनी तसे एकही प्रकरण नोंदविलेले नाही, असे केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये लोकसभेत लेखी सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्याच गोष्टीविरुद्ध कायदा सुचविण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. सज्ञान मुलीने कोणाशी लग्न करावे हे तिने ठरवावयाचे, की पोलीस महासंचालकांनी, हा प्रश्न उरणच्या पाड्यांतून, मोहल्ल्यांतून आणि कोळीवाड्यांतून कार्यकर्त्यांना विचारला जाणार आहे. त्याचे उत्तर देताना समोरचा माणूस कोणत्या धर्माचा आहे हे पाहून भाषा बदलता येणार नाही.