आकाशातली खाण आणि जमिनीवरची रसद

चेन्नईत सकाळपासून पाऊस आहे, मागे आवाज येत राहील, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय माझ्या भाच्यानं ठरवला. गेल्या महिन्यात सांगलीहून त्याचा फोन आला. "मामा, लघुग्रहांवर खाणी काढणारी एक कंपनी आहे म्हणे, शेअर आत्ता स्वस्तात देतायत. तुम्हीच भाषणात म्हणाला होतात ना, एका लघुग्रहात एकावर एकोणीस शून्यं एवढ्या डॉलरचं लोखंड आहे? तीन लाख घालू का?"

मी गप्प झालो. म्हणालो होतो खरं. सायकी नावाच्या लघुग्रहाबद्दल तो आकडा सगळीकडे फिरत होता, मीही टाळ्यांसाठी फेकला. आज तो परत घेतो. सायकी पूर्ण लोखंड-निकेलचा आहे असं धरायचं, त्याच्या वजनाला आजच्या बाजारभावानं गुणायचं, की झाला तो आकडा. पुढं मोजमापं सुधारली तेव्हा त्याची घनता पाण्याच्या साधारण चौपट निघाली. लोखंडाची जवळजवळ आठपट असते. म्हणजे आत दगड बराच आहे, किंवा पोकळ्या आहेत, किंवा दोन्ही. नासाचं यान ऑक्टोबर 2023 मध्ये निघालंय, 2029 मध्ये पोचेल, तेव्हा कळेल. आणि सायकी काही शेजारी नाही. तो मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात आहे.

या पट्ट्याशी चेन्नईचं जुनं नातं आहे बरं का. इथं नुंगमबाक्कमला हवामान खात्याच्या आवारात जुन्या मद्रास वेधशाळेचा ग्रॅनाइटचा खांब अजून उभा आहे. तिथून नॉर्मन पॉगसन यांनी 1861 मध्ये एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून नावच ठेवलं 'एशिया'. मद्रासहून त्यांना आणखीही काही सापडले, शेवटचा 1885 मध्ये. त्यानंतर भारतातून पुढचा मिळायला शंभरावर वर्षं गेली. तो 1988 मध्ये याच राज्यातल्या कावलूरहून सापडला, त्याचं नाव रामानुजन. हे सगळे लांबच्या पट्ट्यातले.

आपल्याला हवेत ते पृथ्वीच्या कक्षेजवळ येणारे. असे 35,000 हून जास्त ठाऊक आहेत, पण बहुतेक दगडी. धातूचे फार थोडे. त्यांतला नाव घेण्यासारखा 1986 डीए. रडारचे तरंग त्यावरून फार जोरात परत आले, तेव्हाच संशय आला की हा धातूचा असावा. 2021 मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या मंडळींनी, त्यांत आपले विष्णू रेड्डी आहेत, त्याचा प्रकाश तपासून सांगितलं की पृष्ठभाग सुमारे 85 टक्के धातूचा असावा. त्यातलं निकेल, कोबाल्ट आणि प्लॅटिनम गटातले धातू पृथ्वीवरच्या साठ्यांहून जास्त भरू शकतील, असा अंदाज आहे. अंदाज, मंडळी. तिथं अजून कोणी गेलेलं नाही.

आकाशातलं लोखंड वापरायला मात्र आपण आजच निघालेलो नाही. 1621 मध्ये जालंधरजवळ एक अशनी पडला. जहांगीर बादशहानं तो खणून काढवला, वजन भरलं 160 तोळे. उस्ताद दाऊदकडे दिला. नुसतं ते लोखंड हातोड्याखाली तुटायला लागलं, म्हणून तीन भाग त्याचे आणि एक भाग साधं लोखंड मिसळून त्यानं हत्यारं घडवली. हे जहांगीरनं स्वतः लिहून ठेवलंय. जालंधर छावणीत मी तीन वर्षं काढली आणि हे मला निवृत्तीनंतर वाचून कळलं! पण उस्तादाची अडचण लक्षात ठेवा. धातू सापडला म्हणजे कामाचा झाला असं नसतं.

आता मुद्द्यावर येतो. तो धातू खाली आणून विकायचा हा विचारच मला पटत नाही. बेन्नू लघुग्रहावरून नासानं सप्टेंबर 2023 मध्ये 121.6 ग्रॅम माती आणली. मोहिमेचा खर्च एक अब्ज डॉलरच्या वर. जपानच्या हायाबुसा-2 नं आणली साडेपाच ग्रॅमच्या आसपास. विज्ञानासाठी ती माती अमूल्य आहे, पण व्यापार म्हणून बघा काय भाव पडला. शिवाय ढीगभर प्लॅटिनम खाली आणलंच, तर भाव तिथंच कोसळेल.

तो धातू वरच वापरायचा म्हटलं की गणित बदलतं. हे मला पुस्तकात नाही, सियाचिनला कळलं. मी अभियंता दलातला. वरच्या चौकीवर पाणी न्यावं लागत नाही, चहूकडे बर्फ आहे. पण बर्फ वितळवायला केरोसीन लागतं आणि ते खालून येतं. हेलिकॉप्टर त्या उंचीवर मोजके किलो उचलतं. प्रत्येक डब्यामागे कोणाचा तरी जीव पणाला लागतो. तिथं वस्तूची किंमत दुकानातल्या पावतीवर नसते, ती वर पोचवण्यात असते.

अग्निबाणाचंही तेच. उड्डाणाच्या वेळी त्याच्या वजनातला बहुतेक भाग इंधनाचाच असतो. पृथ्वीची ओढ सोडवायला सेकंदाला 11.2 किलोमीटर वेग लागतो. उलट काही जवळच्या लघुग्रहांवर उतरायला चंद्रावर उतरण्यापेक्षा कमी जोर लागतो, आणि तिथून निघायला तर जवळजवळ काहीच नाही. मग मंगळाकडे जाणाऱ्या यानाचा सांगाडा तिथल्याच लोखंडाचा का नको?

आपल्याकडे याला मुलूखगिरी म्हणत. फौजेनं रसद मुलखातून घ्यायची, बरोबर ओझं कमी. पण पानिपतही आठवा. अब्दालीनं यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडली आणि मुलखात काही उरलं नाही, तेव्हा भाऊसाहेबांच्या फौजेची उपासमार झाली. वरच्या मुलखात काय मिळतं हे आधी पक्कं ठाऊक नसेल, तर त्या भरवशावर माणसं पाठवायची नसतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. माझ्या मते आधी येईल पाणी. ते धातूच्या लघुग्रहांत नाही, बेन्नूसारख्या काळ्या, कार्बनवाल्या लघुग्रहांच्या खनिजांत बांधलेलं असतं. ते काढून फोडलं की हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे इंधन. दुसरं, साधी मातीच. आम्ही मोर्च्याभोवती वाळूची पोती रचायचो, तशी किरणोत्साराच्या आड रचायला तिला शुद्ध करायची गरज नाही. धातूचा नंबर तिसरा. त्यालाही वाट आहे. निकेलवरून कार्बन मोनॉक्साइड वायू पन्नास-साठ अंशांना नेला की निकेल वायुरूपात निघून येतं, आणखी तापवलं की परत धातू बसतो. ही 1890 ची रीत आहे, भट्टीची गरज नाही. तो वायू भयंकर विषारी, पण तिथं श्वास घेणारं कोण आहे?

खणायचं कसं, हा मात्र मोठा प्रश्न. इथं आपण पहारीवर अंगाचा भार टाकतो, तिथं भारच नाही. पहार मारली की आपणच मागे उडणार. बेन्नूवर यानाचा हात टेकला तर तो अर्धा मीटर आत गेला, जमीन इतकी भुसभुशीत! आणि झाकणात खडे अडकून माती सांडायला लागली. घट्ट धातूच्या लघुग्रहाला तर अजून कोणी हातही लावलेला नाही.

कंपन्यांचं म्हणाल तर 2012-13 च्या सुमारास अमेरिकेत दोन मोठा गाजावाजा करून निघाल्या. 2018-19 पर्यंत दोन्ही विकल्या गेल्या, एकही खडा न आणता. 2025 मध्ये तिसरीनं यान सोडलं, त्याचा संपर्क तुटला. मालकी कोणाची हेही धूसर आहे. 1967 चा करार म्हणतो, आकाशातल्या कुठल्याही गोलावर कोणत्याही देशाला हक्क सांगता येणार नाही. अमेरिकेचा 2015 चा कायदा म्हणतो, काढलेला माल काढणाऱ्याचा. आपण जून 2023 मध्ये आर्टेमिस करारावर सही केली, त्यात माल काढणं म्हणजे हक्क सांगणं नव्हे असा अर्थ घेतलाय. सगळे देश तसं मानत नाहीत. भांडण व्हायचं तेव्हा होईल.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगायला तासभर लागला. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे नको ना, मामा?"

म्हटलं, "तीन लाख नको. पण तुझी लेक धातुशास्त्र घ्यायचं म्हणतेय आणि तू तिला कॉम्प्युटरकडे ढकलतोयस, ते थांबव."

पुढच्या भागात लोणारला जाऊ. जय हिंद.