पहिले रिव्हॉल्वर

खंडे नवमीच्या दिवशी बंगळूरच्या आमच्या घरी पाटावर विळी, अडकित्ता आणि मुलांच्या वह्या मांडल्या जातात. त्यांच्या शेजारी माझे .३२ बोअरचे रिव्हॉल्वरही असते, अर्थात पूर्ण रिकामे केलेले. या प्रांतात त्याचे कोणाला नवल वाटत नाही. येथून पश्चिमेकडे असलेल्या कोडगूमध्ये कोडवा लोक ‘कैलपोळ्द’ या सणाला बंदुकीची पूजा करतात, आणि शस्त्रपरवान्यातून त्यांना पूर्वापार सूटही आहे. आपल्याला मात्र ती नाही, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

गेल्या नवमीला माझी भाची पाटासमोर बसली होती. नुकतीच एकवीस वर्षांची झालेली, येथेच शिकणारी मुलगी. तिने विचारले, “मामा, मला नेमबाजी शिकायची आहे. पहिले रिव्हॉल्वर कोणते घेऊ?”

मी म्हटले, “कोणतेच नको.”

ती हिरमुसली. तिला जे सांगितले, तेच आज आपल्यालाही सांगणार आहे. कारण हाच प्रश्न मी तरुणपणी एका वृद्ध उस्तादांना विचारला होता, आणि त्यांचे उत्तर ऐकण्यापूर्वीच रिव्हॉल्वर विकत घेऊन बसलो होतो.

ते आखूड नळीचे, वजनाला हलके आणि दिसायला देखणे होते. खिशात मावेल ते चांगले, अशी माझी समजूत. नेमबाजीच्या मैदानावर पंचवीस मीटरवरून उडवलेल्या माझ्या गोळ्या लक्ष्याच्या खालीच जात. मी दोष काडतुसांना दिला, मग शस्त्राला दिला. एके दिवशी उस्तादांनी ते माझ्या हातून घेतले, पाठ फिरवून भरले आणि परत दिले. मी चाप ओढला. बार झालाच नाही. पण नळीचे तोंड मात्र खाडकन खाली गेले. त्यांनी सहा घरांपैकी तीनच घरांत जिवंत काडतुसे भरली होती. बाकीच्या तिन्हीत रिकाम्या पुंगळ्या होत्या. धक्का बसण्यापूर्वीच माझा हात धक्क्याला भीत होता, आणि ती भीती मैदानावर उभ्या असलेल्या सर्वांना दिसली. उस्ताद एवढेच म्हणाले, “शस्त्र ठीक आहे. माणूस घाबरला आहे.”

श्रोतेहो, पहिल्या शस्त्राची निवड म्हणजे या भीतीला जन्मच न देण्याची निवड होय. शस्त्र जितके हलके, तितका त्याचा धक्का हाताला अधिक जाणवतो. कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्वर बाजारात आणले. त्याचे वजन सुमारे अर्धा किलो. जवळ बाळगण्यासाठी हा हलकेपणा गुण असेल. शिकणाऱ्याला तो गुण नव्हे. नवशिक्याने जड शस्त्र आणि लांब नळी पत्करावी. नळी लांब असली की मागची खाच आणि पुढची माशी यांत अंतर पडते, आणि नेमातली चूक डोळ्याला लवकर दिसते.

दुसरी गोष्ट मुठीची. मूठ तळव्यात अशी बसावी की तर्जनीचे पहिले पेर, मनगट न वळवता, चापावर सहज टेकेल. दुकानात शस्त्र हाती घ्या, डोळे मिटा, हात उचला आणि डोळे उघडा. माशी खाचेत आपोआप आलेली दिसली, तर मूठ आपली. अर्थात त्याआधी चक्र उघडून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करावी. विक्रेत्याने ती आधी केली असली, तरीही.

तिसरी गोष्ट चापाची. रिव्हॉल्वर दोन रीतींनी उडते. अंगठ्याने घोडा मागे ओढून ठेवला, तर चाप हलका लागतो; नुसता चाप ओढून घोडाही त्यानेच उचलायचा, तर बोटाला कित्येक पट जोर लावावा लागतो. शिकणाऱ्याने पहिली रीत आधी साधावी. आणि हाताची बोटे चक्र व नळी यांच्यामधील फटीच्या पुढे कधीही नेऊ नयेत. तेथून तप्त वायू जोराने बाहेर पडतो.

पण हे सारे नंतरचे. आरंभ करावा तो साध्या ४.५ मिलिमीटरच्या हवेच्या पिस्तुलाने. त्याला परवाना लागत नाही, धक्का जवळजवळ नाही, आणि दहा मीटरवर त्याच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे, सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. याच बंगळूरच्या प्रकाश नंजप्पांनी २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात रौप्यपदक मिळवले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले; तेथेही शस्त्र .२२ चेच. मोठ्या बोअरने मोठेपण येत नाही.

कायद्याचेही तेच सांगणे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मागणाऱ्याला एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि हाताळणीचे शिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. आधी परवाना, मग खरेदी. आणि त्याहीआधी घरात कुलपाचे लोखंडी कपाट, काडतुसे निराळ्या कुलपात. ज्या घरात हे जमणार नाही, त्या घरात शस्त्र नको, हे मी स्पष्टच सांगतो.

भाचीने माझे ऐकले. आता ती दर रविवारी पहाटे मंडळाचे हवेचे पिस्तूल घेऊन साठ छर्रे उडवते, आणि घरी येऊन लक्ष्याचे कागद माझ्यापुढे ठेवते. आरंभी छिद्रे कागदभर विखुरलेली असत. आता ती एका रुपयाच्या नाण्याखाली झाकू लागली आहेत. रिव्हॉल्वरचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही. ती काढील, तेव्हा तिला घेऊन दुकानात मी आनंदाने जाईन. कारण तेव्हा ती शस्त्र निवडील. माझ्यासारखे शस्त्राने तिला निवडलेले नसेल.