बाटलीतली आर्क

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विजेवर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की माझे अब्बा वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. त्यांच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग शेवटपर्यंत होता. एका पावसाळी रात्री लाइनवर फॉल्ट आला, ब्रेकर उघडला आणि त्यातलं तापलेलं तेल बाहेर उडालं.

मोठा प्रवाह तोडताना ब्रेकरच्या दोन कॉन्टॅक्टमध्ये आर्क पेटते. ती विझवायला तेव्हा तेल असे. पुढे माझा भाचा याच कामाला लागला. त्याच्या ११ केव्हीच्या ब्रेकरमध्ये तेलाचा थेंब नाही. तीन बंद बाटल्या, आत निर्वात. मी विचारलं, "अरे, जिथे हवाच नाही, तिथे आर्क पेटते कशावर?"

"मामू, कॉन्टॅक्टच्याच धातूवर. त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून वीज वाहते."

म्हणजे सगळी मदार धातूवर. आपल्याकडची वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. त्या क्षणी वाफ पुन्हा धातूवर जमली, की आर्क संपली.

कल्पना जुनी आहे. १९२६ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सोरेन्सन आणि मेंडेनहॉल यांनी निर्वातात प्रवाह तोडून दाखवला. पण धातूत दडलेला वायू सुटून निर्वात बिघडवी, त्यामुळे पुढची काही दशकं गेली. शुद्ध तांबं आणखी एका कारणाने नडलं. हवेत धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, निर्वातात तो राहत नाही. दोन निर्मळ पृष्ठभाग दाबून भेटले, की चिकटून बसतात. कवीला हे आवडेल, पण ऑपरेटरला? फॉल्टच्या वेळी ब्रेकर उघडलाच नाही तर? तांब्यात थोडं बिस्मथ घालून पाहिलं. सांधा ठिसूळ होऊन सहज तुटू लागला, पण कॉन्टॅक्ट लवकर झिजत.

मग आलं तांबं-क्रोमियम. वजनाने साधारण पाव ते निम्मं क्रोमियम. दोघं एकमेकांत जवळजवळ विरघळतच नाहीत, म्हणून बहुधा भुकट्या एकत्र दाबून भट्टीत तापवतात. तांबं वीज वाहून नेतं. क्रोमियम चिकटणं आणि झीज आवरतं, सुटलेला वायूही शोषतं.

गंमत म्हणजे आर्क फार लवकर विझणंही वाईट. प्रवाह शून्यावर येण्याआधीच तुटला, तर मोटर-ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेजचा तडाखा बसतो. या मिश्रणात ती तीन ते पाच अँपिअरपर्यंत तग धरते.

निवृत्तीनंतर अब्बांना एकदा भाच्याच्या उपकेंद्रात नेलं होतं. बराच वेळ ते ब्रेकरभोवती फिरले.

"तेल कधी बदलता?"

"तेलच नाही, नाना. कॉन्टॅक्ट झिजले की बाटलीच बदलायची."

"आणि फॉल्ट आला, की तू कुठे उभा असतोस?"

भाच्याने खोलीतल्या पॅनेलकडे बोट दाखवलं. अब्बा तिथपर्यंत पावलं मोजत गेले.