पायांखालची वाट
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. चिटणीसबाईंचा आग्रह मोडवेना, म्हणून आपण दहाजणींनी केलेल्या पायी फेरीची हकिकत सांगते.

आपण गिरगाव चौपाटीवरून निघालो. १९२० साली लोकमान्यांच्या देहाला अग्नी दिला तो येथेच, हे सर्वांना ठाऊक असते. पण १९३० च्या एप्रिलात याच वाळूवर कमलादेवी चट्टोपाध्याय व अवंतिकाबाई गोखले यांनी मिठाचा कायदा मोडला, हे कितीजणींना ठाऊक होते? गांधीजींबरोबर साबरमतीहून दांडीला निघालेल्या तुकडीत एकही स्त्री नव्हती! अवंतिकाबाईंनी तर १९१८ सालीच गिरगावात हिंद महिला समाज काढला होता. म्हणजे आपल्यासारख्याच मंडळातून ही बाई तुरुंगापर्यंत गेली.

पुढे मणिभवन. १९१७ पासून १९३४ पर्यंत गांधीजी मुंबईत आले की येथे उतरत. तेथून चालत आपण गवालिया टँकच्या मैदानावर आलो. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री येथे ‘छोडो भारत’चा ठराव झाला. पहाट होताच पुढारी पकडले गेले. तरी ९ तारखेला अरुणा असफअली यांनी येथे तिरंगा फडकविला. त्याच महिन्यात बावीस वर्षांच्या उषा मेहतांनी सोबत्यांसह गुप्त रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो नोव्हेंबरपर्यंत चालला, आणि मग त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

मैदानात उभी असताना मला माझ्या सासूबाई आठवल्या. बेचाळीस साली त्या जवळच्याच चाळीत नव्या नवरी होत्या. एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, “लाठीमारातून पळालेली दोन पोरं मी माळ्यावर दडवली होती, बरं का.” माझे लक्ष कुकरच्या शिट्टीकडे. मी म्हटले, “हो का?” आणि उठले. त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही. आता विचारायला त्या नाहीत. ती पोरे कोण, पुढे त्यांचे काय झाले, त्या रात्री सासूबाईंना भीती वाटली का, सारे त्यांच्याबरोबर गेले.

मोठ्यांच्या नावाच्या पाट्या लागतात. माळ्यावर कोण पाटी लावणार? म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या मंडळाने एक वही घालावी. ज्यांच्या घरी नव्वदीच्या आजी आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर गॅस बंद करून त्यांच्याजवळ बसावे आणि विचारावे. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरावे.