आजोबा कशानं गेले?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे पुष्कळ घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. ज्यांचे नाहीत, त्यांची नावं निदान नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडतात. मूळ पुरुष कोण, कोकणातून देशावर कधी आले, विहीर कोणी बांधली, देऊळ कोणी दुरुस्त केलं, असं बरंच काही त्यात असतं. दोन गोष्टी मात्र सहसा नसतात. सासरी गेलेल्या मुलींच्या पुढच्या पिढ्या नसतात, आणि कोण कशानं गेलं ते नसतं. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात.

घरात विचारलं तर उत्तरं मिळतात, पण ती अशी : "आजोबांना शेवटी लघवीचा त्रास होता. मग कंबर धरली, ती धरलीच." "थोरल्या आत्याच्या पोटात पाणी झालं होतं." "धाकटीच्या छातीत गाठ होती म्हणे, पण ती कधी बोलली नाही." ऐकणाऱ्याला ही तीन माणसांची तीन वेगवेगळी दुखणी वाटतात. आता वैद्यकीय भाषेत पाहू. पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. तिचा कर्करोग पसरला की बहुधा हाडांत, आणि त्यातही कमरेच्या मणक्यांत जातो. बीजांडकोशाचा कर्करोग वाढला की पोटात पाणी साठतं. तिसरा अर्थातच स्तनाचा. पोटात पाणी व्हायला आणि कंबर धरायला इतरही अनेक कारणं असतात, हे खरं. पण एकाच घरात हे तिन्ही असतील, तर त्यांच्या मुळाशी एकच बिघाड असू शकतो, आणि तो डीएनएच्या दुरुस्तीतला असतो.

ही दुरुस्ती म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए गुंडाळून ठेवलेला आहे. पूर्वी शास्त्रज्ञांचा समज असा होता, की हा रेणू फार टिकाऊ असावा. स्वीडनच्या टोमास लिंडाल यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की तो सतत झिजतो. बाहेरून कोणी हात लावला नाही, तरी नुसत्या शरीराच्या उबेनं आणि पाण्यानं एका पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी तो बिघडतो. तरीही आपण जगतो, कारण पेशीत दुरुस्तीची माणसं सदैव कामावर असतात. या कामाबद्दल लिंडाल यांना अमेरिकेतले पॉल मॉड्रिच आणि मूळचे तुर्कस्तानचे अझीझ संजार यांच्यासह २०१५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

दुरुस्त्या निरनिराळ्या असतात. डीएनए दोन पदरांचा असतो. एका पदराला चीर गेली, तर दुसऱ्या पदराकडे पाहून ती बुजवता येते. दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटले, तर मात्र प्रसंग बाका. समजा, पोथीचं पान फाटलं आणि मधल्या दोन ओळी गेल्या. फाटलेल्या कडा नुसत्या चिकटवल्या तर पान एकसंध दिसेल, पण ओळी गायब. शेजारच्या घरात त्याच पोथीची दुसरी प्रत असेल, तर तिच्यावरून त्या ओळी पुन्हा लिहिता येतील. पेशीलाही हे दोन्ही मार्ग आहेत. विभाजनापूर्वी पेशी डीएनएची दुसरी प्रत तयार करते आणि त्या प्रतीवरून नक्कल करून तुटलेला भाग बिनचूक जोडते. या बिनचूक दुरुस्तीसाठी जी प्रथिनं लागतात, त्यांतल्या दोघांची नावं आहेत बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२.

या नावानं घोटाळा केला आहे. १९९० साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कर्करोगानं ग्रासलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून दाखवलं, की त्यांच्यातला दोष सतराव्या गुणसूत्राच्या एका भागात आहे. कर्करोगासारखा गुंतागुंतीचा आजार एका जनुकामुळे घराण्यात उतरू शकतो, यावर तोवर फार थोड्यांचा विश्वास होता. १९९४ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती आलं आणि पुढच्याच वर्षी दुसरं. 'ब्रेस्ट कॅन्सर'मधली अक्षरं घेऊन त्यांचं बारसं झालं आणि तेव्हापासून जगभर समजूत होऊन बसली, की हा बायकांचा मामला आहे. २०१३ साली अँजेलिना जोलीनं आपल्या शस्त्रक्रियेबद्दल जाहीरपणे लिहिल्यावर हे नाव घरोघरी पोहोचलं आणि समजूत आणखी पक्की झाली.

वास्तविक ही जनुकं ज्या गुणसूत्रांवर आहेत, ती स्त्री आणि पुरुष दोघांतही सारखीच असतात. बिघडलेलं जनुक बापाकडून येण्याची शक्यता आईइतकीच आहे. ज्याच्यात ते आहे, त्याच्या प्रत्येक अपत्याला, मग मुलगा असो की मुलगी, ते मिळण्याची शक्यता निम्मी. आणि पुरुष नुसता वाहक नसतो. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या कुटुंबांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्याचा अंदाज असा, की बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्या पुरुषांपैकी पंचाहत्तरीपर्यंत २७ टक्क्यांना आणि पंच्याऐंशीपर्यंत ६० टक्क्यांना प्रोस्टेटचा कर्करोग होतो. शिवाय तो अंमळ लवकर येतो आणि अधिक आक्रमक असतो. एरवी प्रोस्टेटचा कर्करोग पुष्कळदा इतका संथ असतो, की माणूस दुसऱ्याच कशानं तरी जातो. म्हणूनच 'म्हातारपणाचा त्रास' म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

२०१६ साली आणखी एक आकडा आला. कर्करोग शरीरभर पसरलेल्या ६९२ पुरुषांची तपासणी झाली. त्यांतल्या ११.८ टक्के, म्हणजे साधारण आठांतल्या एकाच्या डीएनए-दुरुस्तीच्या कुठल्या ना कुठल्या जनुकात जन्मजात दोष सापडला. बीआरसीए-२ चा वाटा सर्वांत मोठा होता. याचा अर्थ प्रोस्टेटचे बहुसंख्य रुग्ण वारसा घेऊन आलेले नसतात, हेही लक्षात ठेवा. ऐकून लगेच घाबरून जाण्यासारखं काही नाही. पण आठांतला एक ही संख्या लहानही नाही.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू. आजोबा कंबर धरून गेले. त्यांच्या दोन मुलींपैकी एकीच्या पोटात पाणी झालं, एकीच्या छातीत गाठ. मुलगा अठ्ठावन्न वर्षांचा, ठणठणीत. त्याची मुलगी बत्तीस वर्षांची, पदरात एक मूल. ती डॉक्टरांकडे गेली, की पहिला प्रश्न येतो : "आईला किंवा मावशीला होता का?" नव्हता. झालं, कागदावर 'नाही' असं लिहिलं जातं. वडिलांच्या बाजूचं कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी आजोबांचा लघवीचा त्रास नातीपर्यंत पोहोचलेलाच नसतो. आपल्या पुरुषांना असल्या दुखण्यांबद्दल सुनांसमोर, नातींसमोर बोलायचा संकोच. त्या संकोचाची किंमत या नातीला मोजावी लागू शकते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ही जनुकं बिघडलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्क्यांना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो असं दिसलं. बीजांडकोशाच्या कर्करोगाचं प्रमाण बीआरसीए-१ मध्ये ४४ टक्के, तर बीआरसीए-२ मध्ये १७ टक्के होतं.

दोष बत्तिसाव्या वर्षी कळणं आणि पन्नासाव्या वर्षी कळणं, यांत फार फरक आहे. बीजांडकोशाचा कर्करोग लवकर ओळखण्याची भरवशाची चाचणी आजही नाही. म्हणून अशा स्त्रियांना, हवी तेवढी मुलं झाल्यावर, बीजांडकोश आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला देतात. बीआरसीए-१ असेल तर पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान, बीआरसीए-२ असेल तर चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान. म्हणजे दुसरं मूल हवं की नको आणि हवं तर कधी, हा निर्णय एका तपासणीवर अवलंबून राहतो.

प्रजननाशी या दुरुस्तीचं नातं याहूनही जुनं आहे. बीज तयार होताना पेशी आपला डीएनए मुद्दाम तोडते. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल करावी, म्हणून. तोडल्यावर जोडायला मघाचीच प्रथिनं लागतात. मुलीच्या बाबतीत हे काम ती स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होतं आणि मध्येच थांबतं, ते थेट त्या बीजाची पाळी येईपर्यंत. तुम्ही ज्या स्त्रीबीजातून जन्माला आलात, ते तुमची आई आजीच्या पोटात होती तेव्हाचं आहे! तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं ते बीज शाबूत ठेवायचं, तर दुरुस्ती चोख हवी. २०२१ साली सुमारे दोन लाख स्त्रियांच्या अभ्यासातून, पाळी केव्हा जाणार याच्याशी संबंध असलेल्या २९० जागा जनुकसंचयात सापडल्या, आणि त्यांतल्या कितीतरी डीएनए-दुरुस्तीशी संबंधित निघाल्या.

पुरुषबीजाची तऱ्हा वेगळी. शुक्राणूत डीएनए इतका घट्ट दाबून भरलेला असतो, की दुरुस्तीला जागाच उरत नाही. तंबाखूच्या धुरानं किंवा आणखी कशानं झालेलं नुकसान तसंच पुढे जातं आणि फलनानंतर स्त्रीबीजातली यंत्रणा ते शक्य तितकं निस्तरते. पुरुषांनी फुरसतीनं विचार करावा अशी ही गोष्ट आहे. आइसलँडमधल्या २०१२ सालच्या अभ्यासात दिसलं, की बापाचं वय एक वर्षानं वाढलं की मुलात सरासरी दोन नवे बदल जास्त येतात. मूल होत नाही म्हटलं, की आपल्याकडे आधी सुनेच्या तपासण्या सुरू होतात, ते वेगळं. प्रोस्टेट ग्रंथी हीसुद्धा प्रजननाचीच ग्रंथी आहे. रक्तात जे पीएसए मोजतात, त्याचं खरं काम वीर्य पातळ करण्याचं. मुंबईत परळला प्रजनन-स्वास्थ्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथेही प्रोस्टेटवर काम झालं आहे, ते याच नात्यानं.

आता उपचार. जी दुरुस्ती बिघडल्यामुळे कर्करोग झाला, तीच त्याची दुखरी नस ठरली. रुग्णाच्या निरोगी पेशींत बिघडलेल्या जनुकासोबत एक चांगली प्रत असते. कर्करोगाच्या पेशीनं तीही गमावलेली असते. ती पेशी उरलेल्या दुरुस्त्यांवर कशीबशी तग धरून असते. त्यांतलीही एक बंद पाडली, तर? पार्प नावाचं प्रथिन एका पदराच्या चिरा बुजवायला मदत करतं. ते अडवलं की बीआरसीए नसलेली पेशी मरते आणि निरोगी पेशी निभावून नेते, असं २००५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांच्या दोन गटांनी दाखवलं. २०१५ साली याच जातीचं ओलापॅरिब हे औषध प्रोस्टेटच्या पुढे गेलेल्या कर्करोगावर आजमावलं गेलं. तपासता आलेल्या ४९ रुग्णांपैकी १६ जणांच्या गाठीत दुरुस्तीच्या जनुकांचा दोष होता. त्या सोळांतल्या चौदा जणांना औषध लागू पडलं. २०२० साली अमेरिकेत या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. पण फुगवून सांगत नाही. मान्यतेमागच्या मोठ्या चाचणीत हे औषध घेणारे रुग्ण सरासरी १९ महिने जगले, तर दुसऱ्या प्रकारची औषधं घेणारे १५ महिन्यांच्या आसपास. चार महिने. ज्याच्या घरातला माणूस आहे, त्याला चार महिन्यांचं मोल विचारावं.

मला स्वतःला या संशोधनाचा मोठा उपयोग वाटतो तो असा, की आज म्हाताऱ्या रुग्णाची जनुक-तपासणी त्याच्या औषधासाठी केली जाते, आणि तिचा निकाल त्याच्या मुलींच्या, नातींच्या कामी येतो.

तपासणी कोणाची करायची, याबद्दल दोन शब्द. घरात आजारी माणूस हयात असेल, तर आधी त्याची. त्याच्यात दोष सापडला, तर बाकीच्यांनी फक्त तेवढाच दोष शोधायचा. निरोगी माणसापासून सुरुवात केली, तर 'नाही' या उत्तराचा पुरेसा अर्थ लागत नाही. कधी कधी अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा येतो. आपल्याकडे तो जास्त दिसतो, कारण जगातली बरीचशी माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. अशा शेऱ्यावर विसंबून कुठलीही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात आणि त्याच्याच खारघरच्या संशोधन केंद्रात अनुवंशिक कर्करोगाची माहिती आणि सल्ला मिळतो. ज्या पुरुषांत बीआरसीए-२ चा दोष निघतो, त्यांनी चाळिशीपासून दरवर्षी पीएसए तपासावं असं तज्ज्ञ सांगतात. सरसकट सगळ्यांनी ते करावं, असं मात्र नाही.

लग्नाच्या मुली असलेल्या घरांत हे सगळं लपवण्याकडे कल असतो. "बाहेर कळलं तर स्थळं येणार नाहीत." ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण माणसं तशी वागतात. पण अहवाल गावाला दाखवायचा नसतो. तो दाखवायचा असतो रक्ताच्या नात्यातल्यांना. आपल्या कल्पनेतल्या घरात ती माणसं म्हणजे वडील, भाऊ आणि दोन्ही आत्यांची मुलं. आत्यांची मुलं दुसऱ्या आडनावाची, दुसऱ्या गावची, कदाचित बरीच वर्षं बोलणं नसलेली. त्यांना फोन करायचं काम बहुतेक वेळा त्या बत्तीस वर्षांच्या नातीवरच येतं, आणि तिला आधी त्यांचा नंबर शोधावा लागतो.