नशिबाच्या खात्यावर किती लिहायचं?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, वीजबिल आणि पीकविमा हे तीन विषय सकाळपासून झाले. आम्हाला चौथा विषय काढायचा आहे. तो काढताना थोडा संकोच वाटतो, कारण चळवळीने आजवर तो आपला मानलाच नाही. दवाखान्याचा मानला, नाहीतर पोलीस पाटलाचा. विषय आहे आपल्या माणसांच्या जायबंदी होण्याचा आणि अवेळी मरण्याचा.

ज्वारीच्या मळणीचे दिवस आठवा. लाईन रात्रीची. यंत्र भाड्याचं, आणि मालकाला पहाटे दुसऱ्या खळ्यावर जायची घाई. पोरगा कणसं सारतो, बाही अडकते, हात आत जातो. सकाळी गाव जमतं. निम्मे म्हणतात, नशीब. निम्मे म्हणतात, हलगर्जीपणा, झोपेत असेल, घेतलेली असेल. झाली चौकशी! पुढच्या हंगामाला तेच यंत्र, तेच तोंड आणि हात दुसऱ्याचा. आमच्या गावात एकाच यंत्राने दोन हात घेतले. दुसऱ्या वेळीही आम्ही 'नशीब'च म्हणालो, हे कबूल केलं पाहिजे.

हिवतापाच्या बाबतीत आपण असं बोलत नाही. गावात दहाजण तापाने पडले तर डबकं शोधतो. कोणाला, कुठे, कधी झालं ते लिहून काढतो, कारण हुडकतो, एक उपाय करून बघतो आणि ताप कमी झाला तर तो उपाय शेजारच्या गावाला सांगतो. सार्वजनिक आरोग्याची रीत म्हणतात ती एवढीच. काही डॉक्टरांनी ती अपघाताला लावली. अमेरिकेत विल्यम हॅडन नावाचा डॉक्टर १९६६ साली सरकारच्या रस्ते-सुरक्षा कचेरीचा पहिला प्रमुख झाला. त्याचं म्हणणं असं, की ड्रायव्हरला उपदेश खूप झाला, आता गाडी बदला, रस्ता बदला.

आपल्याकडे दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक दिनेश मोहन यांनी (ते २०२१ साली वारले) हरियाणातल्या खेड्यांत असंच काम केलं. कडबाकुट्टीने जखमी होणाऱ्यांत बरीचशी लहान मुलं निघाली. यंत्र बंद असताना पोरं खेळ म्हणून चाक फिरवतात आणि बोटं जातात. चार वर्षांच्या पोराला काय व्याख्यान देणार? त्यांच्या गटाने चाकाला अडसर आणि पात्याला आडोसा असलेली कुट्टी तयार केली. मळणी यंत्राचं तर सरकारी मानकच आहे. पेंडी सारायची नाळ किमान ९० सेंटीमीटर लांब हवी आणि त्यातली ४५ सेंटीमीटर वरून झाकलेली हवी. मग हात ड्रमपर्यंत पोचत नाही. धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ सालचा आहे. चाळीस वर्षं उलटली. उद्या खळ्यावर यंत्र आलं की टेप लावून बघा. प्रश्न दोन फूट पत्र्याचा आहे.

हाणामारीलाही ही रीत लागते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही हसलो होतो. पण १९९६ साली जागतिक आरोग्य सभेने ठरावच केला, की हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. त्याआधी कोलंबिया देशातल्या काली शहरात १९९२ साली रोड्रिगो ग्वेरेरो हा डॉक्टर महापौर झाला. साथीच्या रोगांचा अभ्यासक असल्यामुळे त्याने खुनांचा हिशेब मांडला. शनिवार-रविवार, पगाराचे दिवस, सणाच्या रात्री, दारू आणि कमरेला पिस्तूल! त्याने त्या-त्या दिवसांपुरती हत्यार घेऊन फिरायला बंदी घातली, दारूविक्रीच्या वेळा आवरल्या. पुढे संशोधकांनी ताडून पाहिलं तेव्हा हत्यारबंदीच्या दिवशी खून, तशाच बिनबंदीच्या दिवसांपेक्षा, १४ टक्क्यांनी कमी निघाले. माणसं तीच होती. आपल्याकडे धुऱ्यावरून डोकी फुटतात ती कोणत्या महिन्यात, याचा हिशेब कोणी ठेवलाय? वखर चालायच्या आधी मोजणीवाला आला असता तर किती केसेस झाल्याच नसत्या?

आता ज्याच्यासाठी उभे राहिलो तो मुद्दा. औषध. आपण त्याला औषध म्हणतो, इथूनच घोटाळा सुरू होतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात पडले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, वारा नाही, दमट हवा, आणि फवारा तोंडासमोर. त्यावर जागोजाग ऐकू आलं ते हेच, की शेतकऱ्यांनी हातमोजे घातले नव्हते, मास्क लावला नव्हता. म्हणजे पुन्हा हलगर्जीपणा! ते प्लॅस्टिकचं किट चढवून भादव्याच्या उन्हात पाठीवर भरला पंप घेऊन उपदेश करणाऱ्याने एक तास फवारून दाखवावं. आम्ही किटच्या विरुद्ध नाही. मिळालं तर घाला. फुटका पंप वापरू नका, चोंदलेलं नोझल तोंडाने फुंकू नका, दोन-तीन औषधं एकत्र ढवळू नका. पण ही यादीतली शेवटची कलमं आहेत. पहिलं कलम असं, की इतकं जहाल विष माणसाच्या हातात यावंच का? बिहारमध्ये २०१३ साली शाळेतलं जेवण खाऊन २३ लेकरं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं. त्या लेकरांना कोणते हातमोजे द्यायचे होते?

आणि घरातली बाटली. हे बोलायला जड जातं, पण या मांडवात असं घर क्वचितच असेल की ज्याच्या भावकीत एक माणूस त्या बाटलीने गेला नाही. तो का गेला हे आपण वर्षानुवर्षं सांगतो आहोत. कर्ज, भाव, नापिकी. ते खरंच आहे आणि त्याची लढाई थांबणार नाही. पण जे वाचले त्यांच्याशी आम्ही बोललो आहोत. पुष्कळजण सांगतात, भांडण झालं, डोकं फिरलं, बाटली समोर होती. ती घटका टळली असती तर टळली असती. आज ते आपल्यातच बसून वखर हाकतात, लेकींची लग्नं करतात.

श्रीलंकेची गोष्ट ऐका. तिथे १९९५ साली आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे ४७ च्या आसपास होतं, जगातल्या वरच्या देशांत. बहुतेक कीटकनाशकाने. त्या साली सरकारने सर्वांत जहाल वर्गातली औषधं बंद केली, मोनोक्रोटोफॉस त्यातलंच. १९९८ साली एंडोसल्फान बंद केलं, पुढे आणखी काही. दहा वर्षांत आकडा निम्म्यावर आला, वीस वर्षांत सत्तर टक्क्यांनी उतरला. सुमारे ९३ हजार जीव वाचले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. विष घेऊन दवाखान्यात येणारे लगेच कमी झाले नाहीत. आलेले जिवंत घरी जाऊ लागले. आणि भाताचं उत्पन्न? ते या बंदीमुळे घटलेलं दिसलं नाही.

इथे कोणीतरी हात वर करणारच, श्रीलंकेनेच तर बंदी घालून शेतीचं वाटोळं केलं! ती २०२१ ची गोष्ट. तेव्हा एका फटक्यात सगळी रासायनिक खतं-औषधं बंद केली, शेतकरी बुडाला, आणि त्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. सरकारी बंदीचं नाव काढलं की आमच्याही अंगावर काटा येतो. पण आम्ही सांगतोय ते वेगळं आहे. निवडून एकेक जहाल औषध काढलं, शेतात त्याच्या जागी दुसरं होतं, आणि परिणाम मोजत गेले.

मोजण्याचं महत्त्व एवढ्यासाठी, की चांगला वाटणारा उपायही फसतो. त्याच श्रीलंकेत अनुराधापूर भागात १८० गावं घेऊन प्रयोग झाला. निम्म्या गावांत घरोघर औषध ठेवायला कुलपाची पेटी दिली. आम्हालासुद्धा वाटलं असतं, झालं काम. २०१७ साली निकाल छापला गेला, पेट्यांनी काही फरक पडला नाही. किल्ली घरातच असते ना! लेकराबाळांपासून लांब ठेवायला पेटी ठीक, पण तेवढ्यावर निजू नये.

आपल्या देशात हळूहळू सरकतंय. एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं. २०१८ च्या आदेशाने १८ औषधं काढली, काही लगेच, काही २०२० अखेर. मोनोक्रोटोफॉस श्रीलंकेत १९९५ ला गेलं. आपल्याकडे २००५ साली फक्त भाजीपाल्यावर बंद झालं आणि ३६ टक्क्यांच्या मोनोक्रोटोफॉसची नोंदणी रद्द करायचा आदेश निघायला २०२३ साल उजाडलं, त्यातही शिल्लक माल खपवायला वर्षाची मुदत. मधल्या वर्षांचा हिशेब कोणाकडे मागायचा? शिल्लक माल खरंच संपला का, हे आपल्या तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात आपणच जाऊन पाहायचं आहे.

तोवर आपल्या हातातलं. घरात औषध साठवायचं नाही, लागेल तेवढंच त्या दिवशी आणायचं. तमिळनाडूत दोन गावांनी सगळ्यांचं औषध एका जागी, राखणदाराच्या हवाली ठेवून पाहिलं. प्रयोग लहान होता पण आत्महत्या कमी झाल्या. आपल्यातलं एखादं गाव पुढे येत असेल तर सभा संपल्यावर भेटा. विषबाधा झाली तर कपडे उतरवा, साबणपाण्याने अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. दादा गप्प गप्प राहतो, वहिनी जेवत नाही असं दिसलं तर दोन दिवस त्या घरी जाऊन बसा, बाटली तिथून उचला. १४४१६ हा सरकारचा फोन रात्रंदिवस फुकट आहे, मराठीत बोलतात.

शेवटचं काम लिहिण्याचं. प्रत्येक गावात एक वही घाला. तारीख, वेळ, शिवार, यंत्र कोणतं किंवा औषधाचं नाव काय, दवाखाना किती लांब पडला, जगला की गेला. माणसाचं नाव लिहू नका, लोक लपवतील. मार्गशीर्षातल्या बैठकीला येताना वह्या आणा. आकडे एकत्र करून मळणी यंत्राच्या नाळेचा आणि औषधांचा, असे दोन अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यायचे आहेत. ज्या गावाची वही कोरी असेल त्यांनी कोरीच आणावी.